ताप आहे म्हणायची सोय

शकुंतला बनसोड या बाईवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते. १५ एप्रिल २०२१, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या ड्यूटीला. ती माझी मोठी मावशी. नागपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात कंत्राटी आया होती. अंगात ताप होता. तिने फोन केला तर सुपरवायझर म्हणाला, "आज नाही आलीस तर उद्या यायची गरज नाही." मावशीने तापाची गोळी घेतली, गेटवर कपाळ पुढे केलं, वॉचमनच्या हातातला थर्मामीटर हिरवा झाला आणि ती कोविड वॉर्डात बेडपॅन उचलायला गेली. दोन आठवड्यांत ती वारली. जिथे तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या, त्या हॉस्पिटलात तिला बेड मिळाला नाही.

प्रवासवर्णनाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला माहीत आहे. विमानाच्या खिडकीतून ढग दिसले वगैरे लिहितात. ढग दिसले. पण मी अमेरिकेला गेले ती या बाईमुळे, म्हणून तिचं नाव आधी.

आमचा नागपुरात पाच-सहा जणांचा गट आहे. हॉस्पिटलांतल्या कंत्राटी कामगारांसाठी आम्ही पत्रकं छापतो, गेटवर वाटतो, हाकलले जातो, पुन्हा जातो. मागणी एकच : आजारपणाची पगारी रजा. टेक्सासमधल्या प्लेनो गावात आपल्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांनी यंदाच्या जयंतीला मला बोलायला बोलावलं, वर्गणी काढून तिकीट पाठवलं आणि विषयही ठरवून दिला : महामारीत काही देश तरले, काही बुडाले, असं का? सोबत निरोप आला की भाषण अभ्यासपूर्ण असावं, पत्रकासारखं नको. निरोप देणारा सुशांतदादा, मावशीचा मुलगा. तो तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. मावशी गेली तेव्हा त्याच्या व्हिसाचा शिक्का बाकी होता आणि शिक्का मारणारी ऑफिसं बंद होती. आला असता तर परत जाता आलं नसतं. त्याने आईला मोबाइलच्या पडद्यावर निरोप दिला. मावशीचे यजमान, आमचे भाऊराव काका, यंदा सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले होते. मावशी गेली त्याच लाटेत काकांची फुप्फुसं आखडली. जिना चढले की मधल्या पायरीवर उभे राहून भिंतीवरचं चित्र बघत असल्यासारखं करतात. चित्र नसलं तरी.

न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या विमानतळावर माझी बॅग उघडली. वरती सांडगे, खाली पत्रकांचा गठ्ठा. अधिकाऱ्याने एक पत्रक उलटंसुलटं करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, आजारी पडल्यावर पगारी रजा मिळावी म्हणून. तो शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याकडे वळून काहीतरी बोलला, दोघं हसले. मग मला म्हणाला, "एक इथे ठेवून जा. माझ्या बहिणीला देतो, ती हॉटेलात वाढपी आहे." मराठी पत्रक त्याची बहीण कसं वाचणार होती कोण जाणे. मी ठेवलं. सांडगे मात्र त्याने दोनदा हुंगले.

बाहेर टॅक्सी केली. ड्रायव्हर हैतीचा, साठीच्या आसपासचा. तो सारखा खोकत होता. प्रत्येक खोकल्यानंतर आरशातून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "ॲलर्जी, मॅडम. ओन्ली ॲलर्जी." एप्रिलमध्ये तिथे झाडं पोलन (फुलांचे परागकण) सोडतात, गाड्यांवर पिवळी धूळ बसते, आणि निम्मा देश शिंकतो, हे खरं आहे. पण मी काही विचारलंच नव्हतं. मी मास्क लावला. त्याला ते लागलं असावं, त्याने आपली खिडकी खाली केली आणि पिस्कॅटवे येईपर्यंत गार वाऱ्यात गाडी चालवली. उतरताना मी विचारलं, घरी का नाही थांबलात? तो म्हणाला, "गाडीचा हप्ता थांबत नाही." मग जराशा घुश्श्यात, "ॲलर्जीच आहे."

पिस्कॅटवेत रोशनकडे उतरले. आमच्या गटातल्या एका कार्यकर्त्याचा तो भाऊ, विद्यापीठात शिकतो. एका फ्लॅटमध्ये चार पोरं, सगळी नागपूर-वर्ध्याकडची. दारात बुटांचा ढीग, फ्रिजवर भांडी घासायच्या पाळ्यांचा कागद. त्यांनी माझ्यासाठी खिचडी आणि तव्यावर गरम केलेले फ्रोझन पराठे केले होते. मी सांडगे तळले तर धुराचा अलार्म वाजला. एक जण खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होता आणि बाकीचे तळण संपवत होते. आवाज थांबला तोवर त्याच्या वाट्याला दोनच उरले होते.

मी भाषणाचा विषय काढला तेव्हा पोरं तुटून पडली.

"ताई, सिंपल आहे. न्यूझीलंड बेट आहे. दार लावलं, संपलं."

"मग इंग्लंड बेट नाही काय बे?" रोशन म्हणाला. "ते काय बैतूलमध्ये आहे?"

"शिस्त यार. ईस्ट एशियात लोक सरकारचं ऐकतात."

"आपण नाही ऐकलं? थाळ्या कोणी वाजवल्या मग?"

"पैसा," तिसरा म्हणाला. "पैसा असला की सगळं होतं."

इथे मी तोंड घातलं. महामारीच्या आधीच्या वर्षी तज्ज्ञांनी देशांची तयारी मोजली होती, त्यात अमेरिका पहिली आली होती. पहिली! मग झालं काय, ते जगाने पाहिलं. आणि व्हिएतनाम, जो अमेरिकेच्या तुलनेत गरीबच, त्याने पहिलं वर्षभर आजार दाराबाहेर ठेवला. मग रोशन म्हणाला, "म्हणजे यादीत जे मोजलं, ते कामाचं नव्हतं. कामाचं होतं ते मोजलंच नाही." मला हे आवडलं, मी विचारलं, काय मोजायचं राहिलं? तो म्हणाला, "ते तू सांग न. तिकीट तुला दिलं." माझ्याकडे नुसत्या घोषणा होत्या. थकव्याने डोळे मिटत होते. सोफ्यावर झोपले.

तिथून विमानाने सिएटल, आणि सिएटलजवळचं बॉथेल. तिकडे सगळं हिरवं आणि ओलं. उंच देवदार, नदीकाठची चालायची वाट, आणि पाऊस असा की छत्री उघडणाऱ्याकडे लोक परका म्हणून बघतात. तिथे उतरले वैशालीताईकडे. ती मूळची अमरावतीची, एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. अमेरिकेत या आजाराचा पहिला रुग्ण त्याच भागात सापडला होता, म्हणून मला तिथे जायचं होतं. आम्ही नदीकाठी चालत होतो. तिने मला तिचा जाड कोट दिला होता, त्याच्या खिशात जुना मास्क निघाला. तिने तो बघितला आणि परत खिशात घातला.

"आमच्याकडे मशीन होत्या," ती म्हणाली. "टेस्ट करू शकतील अशी माणसं होती. पण सरकारी किट आलं ते बिघडलेलं, आणि दुसरं वापरायला परवानगी नाही. त्या काळात आजार गावभर फिरला. आम्ही हात बांधून बसलेलो."

"म्हणजे उशीर झाला म्हणून?"

"तेही. पण मग टेस्ट भरपूर आल्या न! रस्त्यावर तंबू लावले. तरी लोक करायला यायचे नाहीत. का सांग?"

"भीती?"

"पॉझिटिव्ह आलं की घरी बसावं लागतं. घरी बसलं की पगार नाही. वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या बायका होत्या, एकीकडची ड्यूटी संपली की दुसरीकडे. त्यांना टेस्ट नकोच होती. कळलं नाही तर कामावर जाता येतं." मग म्हणाली, "मी लॅबमधून म्हणायचे, किती अडाणी लोक आहेत. मग माझ्या शेजारणीने सांगितलं, ती त्यातली एक होती."

मग तिने मला बाकीचे देश सांगितले. ती ते सांगताना बोटांवर मोजत नव्हती, चिडत होती. कोरियात ज्याला घरी कोंडलं त्याच्या दारात सरकारने खाण्याचं खोकं ठेवलं. न्यूझीलंडने कामगार घरी बसवल्याबद्दल मालकाला पगाराचे पैसे दिले. आपल्याकडे केरळने घराघरांत शिजलेलं जेवण पोचवलं. "नंतर हेही देश कुठे ना कुठे कोलमडले, व्हिएतनामला तर पुढच्या लाटेने झोपवलं, तेही सांग हं स्टेजवर. चांगलं तेवढंच सांगू नकोस. पण जोवर टिकले तोवर कशावर टिकले? आजारी माणसाला खरं बोलणं परवडत होतं." अमेरिकेतही महामारीत काही महिने पगारी रजेचा तात्पुरता कायदा झाला होता, असं ती म्हणाली. मुदत संपली, कायदा गेला. आता तिच्या राज्यात स्वतःचा कायदा आहे, न्यू जर्सीत आहे. "तू चाललीस त्या टेक्सासमध्ये नाही."

तिच्या घरी गरम पिठलं-भात खाल्ला. खिडकीबाहेर पाऊस. मला हैतीचा ड्रायव्हर आठवत होता. त्याच्या राज्यात कायदा आहे म्हणे, पण टॅक्सी त्याची स्वतःची, तो स्वतःचाच मालक. स्वतःकडे रजा कशी मागायची?

प्लेनोला पोचले ती लाइट रेलने (शहरात फिरणारी छोटी विजेची गाडी). स्टेशनवर सुशांतदादा आला आणि आल्या आल्या ओरडला, "ट्रेनने कोण येतं इथे? मला सांगितलं असतं तर पिकअप केलं असतं न यार!" पाठोपाठ खोकला.

"बरं नाही का तुला?"

"पोलन गं. ओकची झाडं. एप्रिलमध्ये सगळ्यांनाच होतं."

त्याचं घर बघून मी चाट पडले. वरखाली मिळून पाच बेडरूम, दोन गाड्यांचं गराज, आणि घरभर एसीची गार हवा. मावशीचं घर दोन खोल्यांचं होतं. आजारी पडल्यावर ती आणि काका एका चादरीच्या पडद्याआड झोपायचे. दादाची बायको प्रीतीवहिनी स्वयंपाकघरात जयंतीच्या पॉटलकसाठी (प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा, असं जेवण) पाटोडीच्या रश्शाचा मसाला भाजत होती. त्यांची मुलगी अन्वी सात वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार पहिल्या पाच मिनिटांत झाला.

काका अंगणात गवताच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. "आली का पत्रकवाली," म्हणाले. "इकडे कोणाला वाटणार? रस्त्यावर माणूसच नाही." ते रोज संध्याकाळी फूटपाथवरून थोडं चालायचे आणि दम लागला की थांबायचे. एकदा एका बाईने गाडी थांबवून विचारलं होतं, तुम्ही हरवला आहात का? काकांनी ही गोष्ट मला तीनदा सांगितली. "मी म्हटलं, नो मॅडम, वॉकिंग. तिला पटलंच नाही. पोलिसाला फोन करू का म्हणे."

पुढचे दोन दिवस मी भाषण लिहिलं, खोडलं. दादा सकाळी ऑफिसला जायचा, दिवे लागायच्या वेळी यायचा. त्यांच्या कंपनीने घरून काम करणं बंद केलं होतं, आणि त्याच्या टीममधून नुकतीच माणसं काढली होती. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. हे तो मला सांगत नव्हता, वहिनी सांगत होती, हळू आवाजात, कांदा चिरता चिरता. "रात्री झोपत नाहीत ते. काही विचारलं की पोलन, पोलन."

जेवताना मी त्याला म्हटलं, एक टेस्ट करून बघ ना.

"तू अजून दोन हजार एकवीसमध्येच आहेस," तो म्हणाला. हसून म्हणाला, पण लागेल असं. मी भांडले असते. पण काका समोर होते, आणि मला भांडायचा कंटाळा आला होता. चार वर्षं गेटवर भांडते आहे. घरातही तेच करायचं का?

जयंतीच्या कार्यक्रमाचा शनिवार. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं. घरात सगळे पांढऱ्या कपड्यांत. काकांना वंदना म्हणायची होती, त्यांनी इस्त्री केलेला सदरा दोन दिवस आधीच दाराला टांगून ठेवला होता. दादा निवेदक. गराजचं मोठं दार वर गेलेलं, वहिनी रश्शाचं पातेलं गाडीत ठेवून त्याच्याभोवती उशा खोचत होती, अन्वी निळा फुगा घेऊन इकडेतिकडे.

काका गाडीपाशी आले आणि थांबले. मला वाटलं, दम लागला. ते दादाकडे बघत होते.

"सुशांत, घाम काहून येऊन राहिला तुला?"

"गरम होतंय बाबा. चला, लेट होतोय."

"आत्ता एसीतून आला न तू."

"बाबा, बसा ना."

"गोळी खाल्ली तू."

दादाने गाडीचं दार उघडलं, आणि मधल्या कप ठेवायच्या खाचेत तापाच्या गोळ्यांची बाटली उभी होती. उघडी. आम्ही सगळ्यांनी ती बघितली.

"गोळीनं ताप उतरला की असाच घाम येते," काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. तुझी आई अशीच दारात उभी होती. मी पदरानं पूस म्हटलं, गेटवर दिसते. मी म्हटलं."

अन्वीने विचारलं, "आर वी गोइंग ऑर नॉट?"

दादा मग गाडीच्या सीटवर आडवा पाय टाकून बसला. तीन दिवसांपासून ताप होता, म्हणाला. बुधवारी डेमो होता. गुरुवारी मॅनेजरने सगळ्यांना समोरासमोर बोलावलं होतं. "टीममधले सगळेच खोकतायत. सगळेच ॲलर्जी म्हणतायत. मी एकट्यानेच सांगायचं का? काढायच्या लोकांची यादी बनवताना कोणाचं नाव आठवेल त्यांना?" मग माझ्याकडे वळून, रागाने : "तू बोल ना आता. तुझंच तर आहे सगळं पत्रक."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तोही मावशीच्याच गेटवर उभा होता, फक्त गेट मोठं होतं आणि वॉचमनला इंग्रजी येत होतं.

वहिनीने कपाटातून टेस्टचं किट आणलं. तारीख उलटून गेली होती, तरी केलं. दुसरी रेघ लगेच उठली.

आता दोन गोष्टी करायच्या होत्या आणि दोन्ही त्यानेच करायच्या होत्या. मंडळाला कळवायचं, आणि मॅनेजरला. त्याने फोन हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. कार्यक्रमाला त्याच्याच कंपनीतले चार जण येणार होते. मंडळाला सांगणं म्हणजे ऑफिसला सांगणंच.

"काहीतरी कारण देतो," तो म्हणाला. "गाडी बंद पडली म्हणून."

काका खुर्चीवर बसले होते, मास्क लावून, गराजच्या अगदी दाराशी, जिथे बाहेरची हवा येते. "गाडी बंद पडली म्हणशील तर ते घ्यायला येतील," ते म्हणाले. "ताप आहे म्हण."

त्याने ग्रुपवर लिहिलं : मला कोविड आहे. तीन दिवस ताप होता, मी लपवला. ज्यांना भेटलो त्यांनी टेस्ट करा. सॉरी. जय भीम.

आधी एका काकूंचं उत्तर आलं, आमच्या पिंट्यालाही कालपासून ताप आहे, पण त्याचा डान्स होता म्हणून बोलले नाही. मग आणखी एक. मग एक जण, ज्याने स्वयंपाकाची जबाबदारी घेतली होती, त्याने लिहिलं की मसालेभात चांगला झालाय की नाही कळत नाही, वासच येत नाहीये. त्याखाली कुणीतरी लिहिलं, मग तो भात घेऊन येऊ नको रे बाबा. फोन वाजतच राहिला. सगळ्यांकडे गोळ्या होत्या, सगळ्यांची ॲलर्जी होती, आणि त्या हॉलमध्ये दीडशे माणसं एका एसीखाली जेवणार होती.

कार्यक्रम कॅन्सल केला नाही. जे बरे होते ते शाळेच्या पार्किंगमध्ये उभे राहिले, उन्हात, अंतर ठेवून. डान्स झाले नाहीत. काकांनी गराजमधून फोनवर वंदना म्हटली, मध्ये मध्ये श्वास घेत, आणि तिकडून लोकांचा आवाज स्पीकरवर उशिरा येत राहिला. मग मला फोन दिला. माझं अभ्यासपूर्ण भाषण आत टेबलावर होतं. मी आणायला गेले नाही. मी एवढंच म्हटलं की तुम्ही मला विचारलंत, देश का तरतात, का बुडतात. रोशन नावाच्या पोराने मला विचारलं, यादीत काय मोजायचं राहिलं. हे राहिलं. आजारी माणसाला, मला ताप आहे, हे म्हणायला काय किंमत पडते. आज सकाळी या गराजमध्ये मी ती बघितली. जिथे ती किंमत सरकारने किंवा मालकाने भरली तिथे माणसं खरं बोलली, आणि आजार पकडता आला. जिथे ती आयाच्या आणि ड्रायव्हरच्या अंगावर टाकली, तिथे सगळे गोळी खाऊन गेटमधून आत गेले. मशीन, पैसा, पहिला नंबर, कशाचा काही उपयोग झाला नाही. टाळ्या वाजल्या असाव्यात. फोनवर त्या वाऱ्यासारख्या ऐकू आल्या.

घराचं पुढे असं झालं. पाच बेडरूम होत्या, पण एसीची हवा सगळ्यांमधून एकच फिरते, हे काकांच्या लक्षात आलं. गराजमध्ये एसी नव्हता. म्हणून त्या एवढ्या मोठ्या घराचा मालक गराजमध्ये राहायला गेला. गाडी बाहेर काढली, फोल्डिंगची कॉट लावली, दार गुडघ्याएवढं वर ठेवलं. अन्वी त्या फटीसमोर गवतात पालथी पडून बापाशी बोलायची. "डॅडी, आर यू अ कार नाऊ?"

मॅनेजरलाही त्याने खरं ते कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं. गेट वेल सून, आणि जमलं तर सोमवारची मीटिंग घरून जॉइन कर. दादाने गराजमधून ताप अंगात असताना मीटिंग केली.

सोमवारीच काकांना कणकण आली. अर्जंट केअरला (आधी वेळ न ठरवता जाता येईल असा दवाखाना) नेलं. काकांच्या प्रवासी विम्यात जुनं दुखणं बसत नव्हतं, आणि दवाखान्यातल्या मुलीने ते फोनवर तीन वेळा विचारून घेतलं. वहिनी माझा हात दाबून बसली होती. तिला नागपूर आठवत होतं, मलाही. डॉक्टर तरुण होता, केरळी आडनावाचा. त्याने विचारलं, केव्हापासून? काका म्हणाले, "टुडे मॉर्निंग. सन टोल्ड मी. सो आय वॉज वॉचिंग." डॉक्टर म्हणाला, चांगलं झालं, मी देतोय त्या विषाणूवरच्या औषधाला सुरुवातीचे दिवसच महत्त्वाचे असतात. बहुतेक लोक ॲलर्जी म्हणून वाट बघतात आणि आठवड्याने येतात.

काका वाचले. मला खूप काही मोठं लिहायचं नाही त्याच्यावर. ते आठवडाभर अंगणाकडच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून पडून होते, ऑक्सिजन मोजायची चिमटी बोटाला लावून. आकडा घसरला की आम्ही सगळे दारात, आणि ते हाताने हाकलायचे. मग आकडा वर राहायला लागला. एके दिवशी त्यांनी रस्सा मागितला. पाटोडी फ्रीजरमध्ये होती.

सहा महिने पुरे व्हायच्या आधीच ते म्हणाले, मला घरी जायचंय. दादा विमानतळावर त्यांच्या पाया पडला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याच्या कंपनीची यादी अजून निघालेली नाही. निघेल तेव्हा त्यात त्याचं नाव असेल की नसेल, हे मी लिहिते आहे तोवर कुणालाच माहीत नाही. खरं बोलण्याचं बक्षीस मिळालं, असा शेवट मला करता येत नाही.

परतीच्या विमानात काका खिडकीशी, मी मध्ये, पलीकडे पुण्याच्या एक बाई. मुलाकडून परत चालल्या होत्या. बोलक्या. अमेरिकेचे रस्ते, स्वच्छता, शिस्त. मग घराची आठवण निघाली.

"घरी गेल्यावर पहिलं टेन्शन कामवालीचं. सारख्या दांड्या. परवा मुलीचा फोन होता, आजपण नाही आली. ताप आहे म्हणे. मी सांगितलं, काप पगार. त्याशिवाय या लोकांना कळत नाही."

काकांनी मास्क हनुवटीवर घेतला. त्यांना बोलताना अजून दम लागत होता.

"ताई, येऊ नको म्हणा तिला. आणि पैसे द्या."

"अहो, खोटं बोलतात ओ."

"बोलत असेल. पण तुम्ही पैसे कापले न, तर एक दिवस ती गोळी खाऊन येईल. तुमच्याच घरात भांडे घासेल. तुमच्या नातवाला उचलून घेईल." त्यांनी श्वास घेतला. "माझी बायको चांगली कामाची होती. एक दिवस नाही चुकली."

खाणं आलं, बाईंनी काकांचं लोणच्याचं पाकीट उघडून दिलं.

नागपूरला उतरलो तर ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या गेटवर गेले. तोच सुपरवायझर, नव्या आया. मावशीच्या जागी एक पोरगी आहे, विशीतली. पत्रक घेताना ती तोंड वळवून खोकली आणि घाईने म्हणाली, "काही नाही ताई, हवा बदलली न."

सरकारकडे आमची मागणी आहेच, ती आम्ही करतच राहू. पण हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी आज एक मागणी आहे, आणि ती सरकारच्या आधी तुम्ही पुरी करू शकता. तुमच्या घरी भांडी घासायला बाई येते. तुमच्या सोसायटीत वॉचमन आहे, दुकानात पोरगा आहे. आजारपणाच्या दिवसाचा त्यांचा पगार कापणं आजपासून बंद करा. आणि मनात ठरवून थांबू नका. उद्या सकाळी ती दारात आली की चप्पल काढायच्या आत तिला सांगा : ताप आला तर घरी बस, पैसे मिळतील.